पासबुकात काय दिसते?



‘जादा व्याजाच्या मोहानेच ठेवीदार बुडतात’ हे गेल्या अंकातल्या पत्रलेखकांचे मत वाचून वाईट वाटले. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेचेच पाहा. ताळेबंद लेखापरीक्षकांनी तपासलेला, वर रिझर्व्ह बँकेची देखरेख. तरीही सुमारे साडेसहा हजार कोटी, म्हणजे एकूण कर्जाचा जवळजवळ पाऊण हिस्सा, एकाच बांधकाम समूहाकडे गेला. ते झाकायला 21 हजारांवर बनावट खाती दाखवली गेली. तपासनिसांना जे दिसले नाही, ते पासबुक भरून घ्यायला आलेल्या पेन्शनरला कसे दिसावे? 23 सप्टेंबर 2019 ला निर्बंध आले, तेव्हा सहा महिन्यांत फक्त हजार रुपये काढायची मुभा होती! पुढच्याच जानेवारीत आमच्या बंगळूरमध्ये श्री गुरु राघवेंद्र सहकार बँकेच्या दारात तसेच म्हातारे चेहरे उभे होते.

ठेवविमा 2020 मध्ये पाच लाखांचा झाला, हे पत्रलेखकांचे म्हणणे खरे. पण त्याआधी 1993 पासून तो एक लाखावरच अडकला होता. पाच लाखांवरच्या रकमेसाठी तर पंजाब अँड महाराष्ट्र बँकेच्या 2022 च्या विलीनीकरण योजनेत दहा वर्षांपर्यंतची मुदत आहे. सत्तरीतल्या माणसाने ती कशी मोजायची?

बँकांचे तपासणी अहवाल माहिती अधिकारात द्यावेत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्येच दिला. ठेवीदाराला शहाणपण शिकवण्याआधी ते अहवाल त्याच्या हाती द्या. माझ्या बँकेचा मला वाचायचा आहे.

— एक ठेवीदार, हिनकल, म्हैसूर