सायकलवरून कळलेला उतार



या आठवड्यात खताचे हप्ते नाहीत की फवारणीचे प्रमाण नाही. चार दिवस भटकून आलो, त्याची हकीकत सांगतो. काळजी करू नका, ती शेवटी शेताच्या बांधावरच येऊन थांबेल.

कृषी महाविद्यालयात माझ्या खोलीत राहणारा एक मित्र अकोले तालुक्यात शेंडीजवळच्या वाडीत असतो. नोकरीच्या मागे न लागता त्याने वडिलांची भातखाचरे धरली. मी नोकरीत नवा होतो तेव्हा तीन वर्षे त्याच भागात होतो. तरी तो नेहमी म्हणायचा, "तू कामाला आलास, पाहुणा म्हणून कधी आलास?" आणि मी म्हणायचो, "पुढच्या वर्षी नक्की." असे करता करता पंचवीस वर्षे गेली. यंदा दिवाळी झाल्यावर आठवड्याची रजा टाकली आणि गेलो. त्याने मुलांच्या दोन जुन्या सायकली तेलपाणी करून ठेवल्या होत्या.

पहिल्या दिवशी भंडारदऱ्याच्या भिंतीपर्यंतच गेलो. प्रवरा नदीवरचे हे धरण १९२६ साली पुरे झाले. याच पाण्यावर खाली संगमनेर, श्रीरामपूरकडचा ऊस उभा राहतो. तेवढ्या चढालाही माझी छाती भात्यासारखी हलत होती. मित्र हसला, पण थांबला.

दुसऱ्या दिवशी जलाशयाला वळसा घालायला निघालो. मुरशेत, रतनवाडी, साम्रद, घाटघर. रतनवाडीला अमृतेश्वराचे दर्शन घेतले, ओसरीवर भाकरी सोडली. घाई कसलीच नव्हती. चढ आला की उतरायचे, सायकल हाताने ढकलायची आणि बोलत चालायचे.

अशा एका चढावर थांबलो आणि रस्त्याकडेची खाचरे पाहिली. वरची खाचरे केव्हाच कापून झालेली, जमिनीला भेगा. मधल्या खाचरांत भाताच्या पेंढ्या पडलेल्या. अगदी खालच्या खाचरात मात्र पायाखाली अजून ओल होती आणि भात उभा होता. एकाच डोंगराला तीन वेगळे हंगाम! मंडळी, याच रस्त्याने मी तीन वर्षे जीपने गेलो होतो. जीपमधून सगळी खाचरे सारखीच दिसायची. उतार मला कागदावर माहीत होता, मांड्यांना तो त्या दिवशी कळला.

आणि मग एक जुनी गोष्ट आठवली. त्या वेळी मी या वाड्यांत सुधारित भाताचे बियाणे वाटले होते. वाण चांगला होता, पण गरवा, म्हणजे उशिरा तयार होणारा. मी तो वरच्या-खालच्या सगळ्या खाचरांसाठी दिला. मित्राच्या आईनेही माझ्यावर विश्वास ठेवून सगळीकडे तोच लावला. त्या वर्षी सप्टेंबर संपता संपता पाऊस उघडला. खालचे भात तरले. वरचे ऐन फुलोऱ्यात पाण्यावाचून राहिले, ओंब्या पोचट झाल्या. पुढच्या वर्षी माझी बदली झाली.

तिसऱ्या दिवशी पहाटे बारीहून कळसूबाई चढलो. १६४६ मीटर, महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर. लोखंडी शिड्या चढताना गुडघे कुरकुरले, पण माथ्यावर देवीपुढे बसल्यावर सगळा शीण गेला. खाली जलाशय आणि पायऱ्यापायऱ्यांची खाचरे एका नजरेत दिसत होती. तिथे ठरवले, आज आईपाशी बोलायचे.

संध्याकाळी आई अंगणात नागलीची कणसे वाळवत बसली होती. मी म्हटले, "आई, त्या वर्षी माझं चुकलं. तुम्ही तेव्हाच का बोलला नाहीत?" ती मान वर न करता म्हणाली, "तवा तू सायब हुतास, बाबा. वरच्या खाचरात पानी टिकत न्हाई, हे सायबाला कोन सांगनार?" थोड्या वेळाने म्हणाली, "घरचा हळवा त्या साली पेरलाच न्हाई. बी सरलं. दोन वर्सांनी म्हायेराहून आनलं." मग तिने मला चहा करायला सुनेला सांगितले. राग नव्हता. तेच जास्त लागले.

उरलेले दिवस आम्ही कुठे लांब गेलो नाही. सकाळी सायकलवर एखादी वाडी, दुपारी झोप, रात्री शेकोटी.

आता तुमच्यासाठी तीन गोष्टी. पहिली, भाताची निवड खाचर पाहून करा. पाणी लवकर आटते तिथे हळवा, मधल्या खाचरात निमगरवा, पाणी टिकते तिथे गरवा. सुधारित वाणांतही हळवे मिळतात, कर्जत-१८४ हा त्यांतलाच. दुसरी, नवे बियाणे आधी एका खाचरात लावून पाहा आणि घरचे बी मोडू नका. याच अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी बियाणी सांभाळली, म्हणून २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. तिसरी, आमच्यासारखा कोणी अधिकारी बांधावर आला तर त्याला गाडीतून उतरवा, वरच्या खाचरापर्यंत चालवा आणि जे खटकते ते तोंडावर सांगा.

आणि हो, मळणी उरकली की तुम्हीही चार दिवस काढा. गुरांचे शेजाऱ्याला सांगा, त्याच्या वेळी त्याची तुम्ही बघा. मालकांनी मित्राकडे जावे, वहिनींनी माहेरी किंवा मैत्रिणीकडे. जुनी सायकल असेल तर ब्रेक आणि ट्यूब तपासून न्या. दुसऱ्याचे शिवार सावकाश पाहिले की आपले नीट दिसू लागते.

निघताना मित्राने विचारले, "आता परत कधी?" या वेळी मी ‘पुढच्या वर्षी’ म्हटले नाही. लावणीला येतो, असे सांगून आलो आहे. वरच्या खाचरात हळवा लावायला.

तुमचा,
कृषी अधिकारी