गाडी ऑइल टाकतेय, मिसिंग मारतेय: दोष ई२०चा की पॅकिंगचा?

मंचरला काकांच्या अंगणात रोज सकाळी गाडीखाली ऑइलचे दोन-तीन काळे ठिपके दिसायला लागले. गाडी २०१४ची, पेट्रोल हॅचबॅक. घोडेगाव, डिंभे ओलांडून भीमाशंकरच्या चढाला लागली की मिसिंग मारायची, धक्के द्यायची आणि मीटरवर चेक इंजिनचा पिवळा दिवा लागायचा. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निदान आधीच होऊन गेलं होतं: "ई२०ने इंजिन खाल्लं." एका गॅरेजने हाफ इंजिनचं काम सांगितलं, खर्च तीस हजार. काका गाडी विकायच्या बेतात होते.

मी सॉफ्टवेअरवाला. आमच्याकडे एक साधा नियम आहे: लॉग बघितल्याशिवाय कुणावर खापर फोडायचं नाही. तोच नियम गाडीला लावून बघितला.

ई२०ची भानगड नेमकी काय?

ई२० म्हणजे ८० टक्के पेट्रोल आणि २० टक्के इथेनॉल. फेब्रुवारी २०२३मध्ये ते पंपांवर यायला सुरुवात झाली. आधी २०३०चं असलेलं उद्दिष्ट अलीकडे ओढलं गेलं आणि २०२५मध्ये ई२० हेच बहुतेक ठिकाणचं साधं पेट्रोल झालं. एप्रिल २०२३नंतर बनलेल्या गाड्यांचे पार्ट ई२० सोसतील असे असतात. त्याआधीच्या बहुतेक गाड्या फार तर १० टक्के इथेनॉल धरून बनल्या आहेत. इथेनॉल नसलेल्या पेट्रोलचा पर्याय आणि पंपावर स्पष्ट लेबल मागणारी याचिका सुप्रीम कोर्टाने १ सप्टेंबर २०२५ला फेटाळली.

मायलेजचं गणित सोपं आहे. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश ऊर्जा असते. २० टक्क्यांचा एक-तृतीयांश म्हणजे सुमारे ६.७ टक्के. नीती आयोगाच्या जून २०२१च्या अहवालातही जुन्या धाटणीच्या चारचाकींसाठी ६ ते ७ टक्के घट सांगितली आहे. पण आपण आधीच ई१० वापरत होतो. त्यामुळे ई१०वरून ई२०वर येताना घट साधारण साडेतीन टक्के. १५चं ॲव्हरेज साडेचौदावर येईल, दहावर नाही.

आपल्याकडे या वादाला दुसरी बाजूही आहे. जुन्नरला विघ्नहर, आंबेगावला भीमाशंकर हे सहकारी साखर कारखाने. उसापासून इथेनॉल बनतं, त्यामुळे उसाच्या पट्ट्यात इथेनॉल म्हणजे चार पैसे जास्त मिळायची आशा. काकांचाही ऊस कारखान्याला जातो. म्हणजे इथेनॉल हवं असणारा आणि ई२०वर चिडलेला माणूस एकच!

ऑइल आणि पेट्रोलचे रस्ते वेगळे

पेट्रोल टाकीतून पंप, पाइप आणि इंजेक्टरमार्गे सिलिंडरमध्ये जातं. इथेनॉलचा त्रास व्हायचा तर या रस्त्यावरच्या जुन्या रबरी पाइपला आणि ओ-रिंगला आधी होतो. इंजिन ऑइल खालच्या चेंबरमधून वर टॅपेटपर्यंत फिरतं. त्याची गळती रोखणारी रबरी पॅकिंग आणि सील दहा-बारा वर्षांच्या उष्णतेने कडक होतात, चिरतात. पीसीव्ही व्हॉल्व्ह चोंदला तर आतला दाब वाढून ऑइल आणखी बाहेर ढकललं जातं. म्हणून ऑइल गळालं की थेट पेट्रोलवर आळ घेणं बरोबर नाही.

फोनने काय दाखवलं?

एप्रिल २०१३पासूनच्या प्रवासी गाड्यांमध्ये स्टिअरिंगखाली ओबीडी-२चं सॉकेट असतं. त्यात ईएलएम३२७ प्रकारचा छोटा ब्लूटूथ ॲडॅप्टर लावला की मोफत ॲपवर गाडीचा लॉग वाचता येतो. काकांच्या गाडीत कोड निघाला पी०३०३, म्हणजे तिसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर. पेट्रोलच खराब असतं तर शक्यतो चारही सिलिंडर कुरकुरले असते. एकच कुरकुरतोय म्हणजे दोष त्याच्याच आसपास.

दुसरा आकडा लाँग टर्म फ्युएल ट्रिम. ऑक्सिजन सेन्सर बघून कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतोय, ते हा सांगतो. ई२०मुळे तो थोडा वर जातो. इथे अधिक ६च्या आसपास होता. साधारण १०च्या आत असेल तर काळजी नको. त्यावर गेला तर एअर लीक, इंजेक्टर, फ्युएल पंप तपासायचे.

नारायणगावच्या दुसऱ्या मेकॅनिकने तिसऱ्या सिलिंडरची कॉइल उपसली, तर प्लगच्या खड्ड्यात ऑइल साचलेलं! टॅपेट कव्हरचं पॅकिंग गेलं होतं. ऑइल बाहेरही ओघळत होतं आणि आत प्लगवरही. ठिपके आणि मिसिंग, दोन्हींचं मूळ एकच. पॅकिंग, प्लगचे सील, चार प्लग, पीसीव्हीची सफाई आणि मजुरी धरून साडेतीन हजारांच्या आत काम झालं.

तुमच्या गाडीचं काय करायचं?

- इंजिन पुसून कोरडं करा, रात्री खाली पुठ्ठा ठेवा आणि सकाळी टॉर्च लावून फोटो काढा. ऑइल वरून खाली ओघळतं, त्यामुळे सगळ्यात वरचा ओला भाग शोधा.
- इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडापाशीच ओलं असेल तर क्रँकचा मागचा सील असू शकतो. गिअरबॉक्स उतरवावा लागतो, म्हणून खर्च आधी विचारा.
- दर आठवड्याला डिपस्टिक बघा. ऑइलचा लाल दिवा लागला तर तिथेच इंजिन बंद करा.
- ऑइल जळल्याचा वास आला तर ते गरम सायलेन्सरवर पडत असेल. टाळाटाळ नको, आग लागू शकते.
- बॉनेटखाली पेट्रोलचा वास आला तर गाडी सुरूच करू नका. जुने फ्युएल पाइप बदलून घ्या.
- कार्ब्युरेटरच्या गाडीत पेट्रोल आपोआप वाढवणारा सेन्सर नसतो. तिथे ट्यूनिंग मेकॅनिककडूनच करावं लागेल.

काकांच्या गाडीचे ठिपके थांबले, दिवा विझला, चढाला पिकअप परत आला. ॲव्हरेज मात्र टाकी फुल टू फुल मोजलं तरी पूर्वीपेक्षा अर्ध्या किलोमीटरने कमीच येतं. ई२०चा वाटा असेल तर तो एवढाच. तो खरा आहे आणि त्याबद्दल सरकारला जाब विचारायचा हक्कही आपल्याला आहे. पण तिसऱ्या सिलिंडरमधलं ऑइलही ई२०च्याच नावावर टाकलं, तर जाब विचारणाऱ्याचीच बाजू लंगडी पडते आणि वर गॅरेजचं तीस हजारांचं बिल येतं.

गाडी विकायचा विषय सध्या बंद आहे. ॲडॅप्टर काकांनी माझ्याकडून ठेवून घेतलाय.