राखण नसलेली रास

दगडी कोळशाला कन्नडमध्ये ‘कल्लिद्दलु’ म्हणतात. ‘कल्लु’ म्हणजे दगड, ‘इद्दलु’ म्हणजे कोळसा. दोन्ही भाषांनी त्याला दगड ठरवले, पण दगडासारखा तो स्वस्थ पडून राहत नाही. उघड्यावरच्या राशीत हवेतल्या प्राणवायूशी त्याचा हळूहळू संयोग होतो आणि उष्णता निर्माण होते. ती बाहेर निघून गेली तर ठीक. राशीच्या पोटात कोंडली तर तापमान चढते, तापमान चढले की संयोगाचा वेग वाढतो आणि काडी न लावता रास धुमसू लागते. पेटली नाही, तरी कोळशाचा कस उतरतोच.

म्हणून औष्णिक वीजकेंद्रात, मग ते रायचूरजवळचे शक्तिनगर असो की मध्य प्रदेशातले सारणी, कोळसा नुसता ओतून भागत नाही. तो थराथराने पसरून बुलडोझरने दाबावा लागतो, म्हणजे हवेला आत वाट उरत नाही. ढेकळे एकीकडे आणि चुरा एकीकडे झाला, की ढेकळांच्या फटींतून हवा शिरते आणि चुरा तापतो. आधी आलेला माल आधी वापरायचा आणि राशीचे तापमान तपासत राहायचे.

वर्गात हे शिकवताना मला भोपाळ आठवते. तिथे कोळसा नव्हता, पण साठवणच होती. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या टाकीतल्या मिथाइल आयसोसायनेटमध्ये पाणी शिरले. रसायन थंड ठेवणारी यंत्रणा काही महिने बंदच होती. क्रियेने उष्णता वाढली, उष्णतेने क्रिया वाढली आणि सुमारे ४० टन विषारी वायू झोपलेल्या वस्त्यांवर पसरला. हजारो माणसे गेली. कारखान्यातला ३३७ टन घातक कचरा शहराबाहेर निघायला जानेवारी २०२५ उजाडला.

राखणीवरचा खर्च जमाखर्चात दिसतो, टळलेली आग दिसत नाही. म्हणून काटकसरीची कात्री आधी तिथेच चालते. घरातही तेच. इस्त्रीचे किंवा शेगडीचे कोळसे वरून विझलेले दिसले, तरी लगेच पोत्यात टाकू नयेत. झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पूर्ण गार होऊ द्यावेत. पोते कोरड्या जागी, रॉकेल आणि सिलिंडरपासून दूर असावे. आणि थंडीत बंद खोलीत शेगडी ठेवून कधीही झोपू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, त्यामुळे झोपलेल्याला जाग येत नाही. आजी-आजोबांच्या खोलीत शेगडी असेल, तर आज रात्री तेवढे पाहून घ्या.