खुर्चीवरच्या मुलाची भाषा

लहान मुलांच्या दातांचा दवाखाना चांगला चालावा यासाठी काय लागते, असे विचारले की रंगीत भिंती, खेळणी, खुर्चीसमोरची कार्टून अशी उत्तरे मिळतात. ही साधने निरुपयोगी आहेत असे आम्ही म्हणत नाही. परंतु असा दवाखाना टिकतो तो मुलाच्या विश्वासावर, आणि सीमाभागात हा विश्वास मुलाच्या मातृभाषेतूनच संपादन करावा लागतो, असे आमचे स्पष्ट मत आहे.

बालदंतचिकित्सेत ‘सांगा, दाखवा, करा’ ही पद्धत १९५९ सालापासून परिचित आहे. काय करणार ते मुलाला आधी त्याला कळेल अशा शब्दांत सांगायचे, मग उपकरण त्याच्या नखावर फिरवून दाखवायचे आणि त्यानंतरच दाताला हात लावायचा. यातली पहिली पायरी सर्वस्वी भाषेची आहे. ‘हा फवारा तुझ्या दाताला अंघोळ घालणार,’ हे वाक्य खानापूर तालुक्यातल्या मराठी घरातील पाच वर्षांच्या मुलाला मराठीतच उमगते. इंग्रजीत किंवा हिंदीत सांगितले, तर कोणी अनोळखी माणूस आपल्या तोंडाशी काहीतरी आणतो आहे, एवढेच त्याला कळते. मग चौघांनी हातपाय धरून दात भरला जातो खरा. पण ते मूल सहा महिन्यांनी तपासणीला येत नाही, आणि त्याचे आईवडील शेजाऱ्यांनाही तो दवाखाना सुचवत नाहीत.

भाषेचा संबंध निदानाशीही आहे. थंड पाण्याने क्षणभर सणक येणे, चिंच खाल्ल्यावर दात आंबणे आणि रात्री झोपेतून उठवील असा ठणका लागणे, या तीन वेगळ्या तक्रारी आहेत. आपोआप उठणारा ठणका बहुधा कीड दाताच्या नसेपर्यंत पोहोचल्याचे सुचवतो. तेथे नुसते सिमेंट भरून भागत नाही. मराठी मुलाच्या आजीजवळ या प्रत्येक वेदनेला शब्द आहे. ‘दर्द होता है क्या?’ या प्रश्नाला मात्र ती केवळ मान हलवते.

पालकांचे प्रबोधनही याच भाषेत व्हायला हवे. ‘दुधाचे दात’ या नावामुळे ते पडणारच, मग खर्च कशाला, असा समज रूढ झाला आहे. वास्तविक दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात आणि कायमच्या दातांची जागा राखतात. सहाव्या वर्षाच्या सुमारास त्यांच्यामागे येणारी पहिली कायमची दाढ कोणताही दात न पडता उगवते. म्हणून तीही दुधाचीच समजून दुर्लक्षित राहते आणि किडते. हे समजावणारे एक पानी मराठी पत्रक किती दवाखान्यांत मिळते?

कोणी म्हणेल, येथे पाटीवर ६० टक्के कन्नड असण्याचा २०२४ चा कायदा आहे. तो पाटीपुरता आहे; खुर्चीवरच्या मुलाशी कोणत्या भाषेत बोलावे, हे तो सांगत नाही. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय व्हावी, असे संविधानाचा अनुच्छेद ३५०-अ सांगतो. आणि दुधाचे दात पडण्याचे वयही बहुतांशी तेच आहे. कन्नड मुलाशी कन्नडमध्ये बोलणारा डॉक्टर आम्हाला तितकाच योग्य वाटतो. आमची खरी तक्रार आहे ती स्वतः मराठी असूनही मराठी मुलाशी इंग्रजीत बोलणाऱ्या आपल्याच डॉक्टरांविषयी.

बेळगावात केएलई संस्थेचे आणि मराठा मंडळाचे दंतवैद्यक महाविद्यालय आहे. तेथून शिकून या भागात दवाखाना थाटणाऱ्यांना आमचे सांगणे एवढेच: संमतिपत्र मराठीतही छापा, मराठी बोलणारा एक मदतनीस ठेवा, आणि मुलाला पहिला प्रश्न विचारण्यापूर्वी घरी कोणती भाषा बोलतात ते त्याच्या आईला विचारा. पालकांनीही वेळ ठरवतानाच, ‘डॉक्टर मुलाशी मराठीत बोलतील ना?’ असे निःसंकोचपणे विचारावे.