बिनसाखरेचा दुसरा कप

दिवाळीच्या फराळाचे कौतुक सगळेच करतात. चकली खुसखुशीत झाली की नाही, अनारशाला जाळी पडली की नाही, करंजीचे पदर सुटले की नाही, यावर चारचौघींत तासन् तास चर्चा झडते. पण त्याच ताटलीशेजारी मुकाट्याने वाफा टाकत बसलेल्या कपाबद्दल कोणी अवाक्षर काढीत नाही. वास्तविक चकली वर्षातून चार दिवसांची पाहुणी आणि चहा तीनशे पासष्ट दिवसांचा घरचा, तोही दोन्ही वेळचा. माझ्या आजेसासूबाईंच्या पाककृतींच्या वहीत लाडवांचे अकरा प्रकार आहेत. चहाची कृती मात्र एकही नाही. चहा ही का लिहून ठेवायची गोष्ट आहे? भाषासुद्धा पाहा ना! भात आपण शिजवतो, भाजी परततो, पुरण वाटतो, आणि चहा नुसता 'टाकतो'. मराठी शिकवणे हा माझा धंदा असल्यामुळे असल्या क्रियापदांशी मी अडखळते. 'टाकणे' या शब्दात जो निष्काळजीपणा आहे, तो आपल्या चहात पुरेपूर उतरला आहे असे माझे नम्र मत आहे.

प्रत्येक घराचा चहा ठरलेला असतो. कोणी एकीने केव्हातरी एक प्रमाण बसवलेले असते आणि मग तीन पिढ्या तोच चहा पितात. आमच्याकडे आल्याचा, भरपूर उकळलेला, कपाला दोन चमचे साखर घातलेला चहा होत असे. कोणाला तो आवडतो की नाही, हा प्रश्न कधी निघालाच नव्हता. गेल्या पावसाळ्यात सासूबाईंच्या रक्तातली साखर वाढली आणि डॉक्टरांनी चहातली बंद केली. तेव्हा तो निघाला.

सासूबाई शहात्तर वर्षांच्या आहेत. त्यांनी तक्रार केली नाही. तक्रार करणे त्यांच्या स्वभावातच नाही. तोच चहा बिनसाखरेचा त्यांच्यापुढे ठेवला की त्या काढा घ्यावा तसा दोन घोटांत संपवीत आणि कप बाजूला सारीत. पूर्वी चार वाजले की आतून हाक येई, "काय गं, आधण ठेवलंस का?" आणि पहिला कप संपता संपता बशी पुढे सरके, "असेल तर घाल अर्धा!" ती हाक बंद झाली, बशीही सरकेनाशी झाली. घरातल्या माणसाने काही मागणे सोडले की घर फार शांत होते, आणि ती शांतता काही बरी नव्हे. डॉक्टरांनी साखर बंद केली होती. चहाची गोडी बंद करा असे काही ते म्हणाले नव्हते.

म्हणून आम्ही रविवारी चहाचे प्रयोग सुरू केले. आम्ही म्हणजे मी आणि अकरावीत शास्त्र शिकणारी माझी मुलगी. शास्त्र शाखेची मुले मोजल्याशिवाय पाणीही पीत नाहीत. तिने स्वयंपाकघरात वजनकाटा आणला आणि जाहीर केले की चहाच्या चवीची परीक्षा कशी घ्यावी याचे आंतरराष्ट्रीय मानकच आहे; आयएसओ ३१०३ हा त्याचा क्रमांक, १९८० साली ते प्रथम निघाले. शंभर मिलिलिटर उकळत्या पाण्याला दोन ग्रॅम चहा आणि सहा मिनिटे मुरवणे! याच धर्तीच्या ब्रिटिश मानकाला १९९९ साली 'इग नोबेल' हे थट्टेचे पारितोषिकही मिळाले होते. अर्थात हे मानक उत्तम चहा करण्यासाठी नाही, निरनिराळे चहा एका मापाने तोलण्यासाठी आहे. पण त्याच्या निमित्ताने कळलेली एक गोष्ट मला फार आवडली. चहाच्या लिलावाआधी तो चाखून पाहणारे जे धंदेवाईक जाणकार असतात, ते चमच्यातला चहा मोठ्याने भुरका मारूनच तोंडात घेतात. त्यामुळे चहा हवेबरोबर तोंडभर उडतो आणि त्याचा वास घशाच्या मागून नाकात चढतो. आपण जिला चव म्हणतो, तिच्यातला बराच मोठा वाटा या वासाचाच असतो. नाक चिमटीत धरून दालचिनीचा चहा पिऊन पाहा, दालचिनी कोठे गेली असे वाटेल. थोडक्यात, बशीत ओतून भुरके मारणारे आपले आजोबा अडाणी नव्हते, शास्त्रशुद्ध होते! हे ऐकून सासूबाईंनी माझ्या यजमानांकडे विजयी मुद्रेने पाहिले. बशीवरून ते त्यांना नेहमी टोकतात.

पहिल्या रविवारी आम्ही काहीच घातले नाही. नुसता चहा, नुसते दूध, साखर नाही. तेव्हा जे दिसले ते महत्त्वाचे. आपला नेहमीचा चहा सीटीसी पद्धतीचा असतो, म्हणजे पाने यंत्रात कुस्करून, फाडून, मुरडून केलेला दाणेदार चहा. ही पद्धत १९३० च्या सुमारास आसामात निघाली. या दाण्यांचा रंग आणि कडकपणा पाण्यात दोन-तीन मिनिटांत उतरतो. त्यानंतर उकळत ठेवाल तर जो वाढतो तो मुख्यतः तुरटपणा. आपण तो दहा दहा मिनिटे रटरटवतो आणि वर साखरेचे पांघरूण घालतो. पांघरूण काढले की खाली काय आहे ते दिसायचेच! दुधातली प्रथिने या तुरट द्रव्यांना थोडेफार बांधून ठेवतात, पण सगळे काम दुधावर टाकून भागत नाही. साखर काढायची तर उकळणेही कमी केले पाहिजे. डॉक्टर हे सांगत नाहीत. तो त्यांचा विषयही नव्हे.

येथे पुण्यातल्या अमृततुल्यांचे अभिमानी माझ्यावर धावून येतील. पितळी भांड्यातला तो दाट, उकळलेला, खलबत्त्यात कुटलेल्या वेलदोड्याचा चहा मलाही प्रिय आहे. त्याच्या जागी तो थोरच. पण तो साखरेच्या खांबावर उभा आहे. खांब काढून इमारत तशीच राहील अशी अपेक्षा धरण्यात अर्थ नाही.

मग वासांची पाळी आली. मुलीने कपांखाली आकड्यांच्या चिठ्ठ्या ठेवल्या आणि कोणत्या कपात काय हे कोणाला सांगितले नाही. नियम एकच, एका कपात एकच वस्तू. बाजारातला तयार चहा मसाला आम्ही मुद्दाम वगळला. सुंठ, मिरी, लवंग, दालचिनी, वेलदोडा, जायफळ सगळे एकाच चिमटीत घातले की लग्नाच्या मांडवातल्यासारखे होते; गलका ऐकू येतो, बोललेले एकाचेही कळत नाही. शिवाय साखर नसताना मिरी आणि सुंठ उघडीबोडकी तिखट लागतात. आले वाळून त्याची सुंठ झाली की त्यातली तिखट द्रव्ये बदलतात आणि अधिक जहाल होतात. सुंठीवाचून खोकला जात असेल तर जाऊ द्यावा!

ताजे आले मात्र सुरेख. पण त्याला पाण्यात आधी उकळून घ्यावे लागते. कच्च्या आल्यात प्रथिने तोडणारे एक पाचक द्रव्य असते. कच्चा कीस दुधात पडला तर त्यामुळे दूध फाटू शकते. उकळीने ते द्रव्य निकामी होते. म्हणून आधी पाणी आणि आले, मग चहा, मग वेगळे तापवलेले दूध. आपल्या आज्या हा क्रम का पाळीत ते त्यांना कोणी विचारले नाही, आणि त्यांनीही सांगितले नाही. वेलदोडा आल्याचाच भाऊबंद, एकाच वनस्पतिकुळातला, पण स्वभाव अगदी उलटा. आले उकळून घ्यावे, वेलदोड्याला फार उकळू नये. त्याचा सुगंध वाफेबरोबर उडून स्वयंपाकघर घमघमते आणि कप कोरडा राहतो. टरफल हवे तर आधणात टाका. दाणे मात्र तेवढ्यापुरते कुटून, आच बंद केल्यावर घालायचे आणि लगेच झाकण ठेवायचे.

गवती चहाबद्दल थोडे अधिक बोलले पाहिजे. नावात चहा असून चहाशी त्याचे काही नाते नाही. ते गवत आहे. आपल्या भाषेने त्याच्या कुळापेक्षा कामाकडे पाहून नाव ठेवले, हे मला मोठे समंजसपणाचे वाटते. लिंबाच्या सालीत ज्या द्रव्याचा वास असतो तेच द्रव्य या पात्यांत भरपूर आहे. पण लिंबाचा आंबटपणा त्यांत नाही. त्यामुळे दुधाच्या चहाला लिंबाचा गंध हवा असेल तर हीच वाट आहे. लिंबू पिळाल तर पनीर होईल. चार-पाच पाती कात्रीने कापून गार पाण्यातच घालावीत आणि मंद आचेवर चारेक मिनिटे उकळावीत. पाती तोडताना मात्र जपा, त्यांच्या कडा बोटाला कापतात. गॅलरीतल्या एका मोठ्या कुंडीत चौघांच्या घराला पुरेल इतका गवती चहा येतो.

पुदिना दुधाशी जमत नाही, असे आमच्या घराचे एकमत झाले. कोऱ्या चहात तो छान लागतो. कढत चहा पिऊन तोंडाला गारवा वाटावा ही गंमत मुलीला फार आवडली. लवंगेने जीभ किंचित बधिर होते आणि दातांच्या दवाखान्याची आठवण येते. चार कपांना एक, त्याहून अधिक नको. दालचिनी गोडसर भास देते. पण रोज घ्यायची तर पातळ पापुद्र्यांची सिंहली दालचिनी पाहून घ्यावी, जाड सालीची नको, कारण जाड सालीत कुमारिन नावाचे द्रव्य बरेच असते आणि ते रोज पोटात जाणे यकृताला बरे नाही.

शेजारच्या एका हितचिंतक बाईंनी गूळ सुचवला, दुसऱ्या एकींनी ज्येष्ठमध. गूळ म्हणजे रंग बदललेली साखरच. मधुमेहाला तो काही मामा लागत नाही. ज्येष्ठमध साखरेवाचून गोड असतो हे खरे, पण तो नित्य घेतल्याने रक्तदाब वाढतो, आणि सासूबाईंना रक्तदाबाची गोळी चालू आहे. दोन्ही सल्ले आम्ही आभार मानून परत केले.

तिसऱ्या रविवारी चार नंबरचा कप आला. सासूबाईंनी पहिला भुरका मारला आणि थांबल्या. मग माझ्याकडे पाहून जरा कडक आवाजात म्हणाल्या, "अगं, यात साखर घातलीस. डॉक्टरांना काय सांगणार?"

"नाही हो आई, कणभरही नाही."

"मला शिकवतेस? गोड लागतोय!"

मुलीने चिठ्ठी उलटली. बडीशेप होती. जेवणानंतर आपण चिमूटभर चघळतो तीच. तिच्यात अनेथोल नावाचे जे सुगंधी द्रव्य असते, ते साखर नसूनही जिभेला गोड लागते. सासूबाईंनी चिठ्ठी हातात घेऊन वाचली, पुन्हा एक घोट घेतला, आणि मग काही न बोलता बशी पुढे सरकवली. मी अर्धा कप ओतला. माझे यजमान वर्तमानपत्रातून डोके काढून काही बोलणार होते, पण मी त्यांच्याकडे पाहिले, आणि ते पुन्हा वर्तमानपत्रात गेले.

आजेसासूबाईंच्या वहीत आता लाडवांच्या पुढच्या पानावर ही कृती लिहिली आहे. चार कपांसाठी अडीच कप पाणी, दीड कप दूध. पाऊण चमचा बडीशेप जाडसर भरडून गार पाण्यातच घालायची, भाजायची नाही. उकळी आल्यावर तीन मिनिटे मंद आच. मग सपाट तीन चमचे चहाची पूड, फक्त दोन मिनिटे. आच बंद करून वेगळे तापवलेले दूध ओतायचे, दोन मिनिटे झाकायचे आणि गाळायचे. दुधातही स्वतःची साखर असते, शंभर मिलिलिटरला सुमारे पाच ग्रॅम; मधुमेहाच्या माणसासाठी म्हणून ते बेतानेच.

यंदा दिवाळीत आमच्याकडे दोन भांडी चुलीवर असतील. एकात ह्यांचा आल्याचा साखरेचा चहा, कारण चाळीस वर्षांची सवय त्यांनी अजून सोडलेली नाही; आणि एकात बडीशेपेचा. चकली-चिवड्याबरोबर दुसरा अधिक जुळतो, असे मुलीच्या वहीत नोंदलेले आहे. करंजीबरोबर कोरा गवती चहा. गोडावर गोड चहा कशाला?

प्रयोग अजून चालूच आहेत. संत्र्याची वाळलेली साल झाली, तुळस झाली. कालच सासूबाईंनी कुंडीतले ओव्याचे पान खुडून आणले आणि येत्या रविवारी चहात घालू या म्हणाल्या. ज्या पानाची भजी करतात, त्याचा चहा! ह्यांना त्या दिवशी अचानक बाहेरगावी जायचे काम निघाले आहे.