उन्हाळ्याची सुट्टी आणि एक वही



उन्हाळी धान कापून, चुरून झाले. तेंदूपत्त्याची फळी उठली. आता मृगाची वाट पाहायची. या दिवसांत मी गावात गेलो की बियाण्याच्या आणि पऱ्ह्यांच्या चौकशीबरोबर आणखी एक प्रश्न हमखास कानावर येतो. "साहेब, पोरगं कॉलेजात आहे, सुट्टी लागली, आता कुठं फिराले जातो म्हणते. पाठवू का?" खताची मात्रा विचारली तर झटकन सांगता येते. या प्रश्नाचे उत्तर तसे नाही. म्हणून आज धानाचा विषय थोडा बाजूला ठेवतो.

अर्जुनी मोरगाव तालुक्यातील एका गावी माझे जुने स्नेही आहेत. त्यांना आपण भाऊ म्हणू. चार एकर धानाची शेती, गावाची एक बोडी, आणि घरात कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला शिकणारी मुलगी. एप्रिलअखेर परीक्षा संपवून ती घरी आली, आणि तिने बापापुढे विषय काढला : "बाबा, चार दिवस मी आपला भाग पाहून येतो. संगे मैत्रीण आहे, मुक्काम अर्जुनीले मामाच्या घरी." आमच्याकडे पोरीही "येतो, जातो" असेच बोलतात, हे बाहेरच्या वाचकांनी ध्यानात घ्यावे.

भाऊंनी साफ नकार दिला. मी पोचलो तेव्हा घरात अबोला चालू होता. भाऊ मला म्हणाले, "साहेब, फिरून का भेटते? मोठा पोरगा असाच सुट्टीत नागपूर पाहाले गेला. पाहता पाहता तिथलाच झाला. आता दिवाळीले येते, दोन दिवस राहते. पोरगीही तशीच गेली तर या बांध्या कोणासाठी राखू?"

खर्चाचा मुद्दा असता तर मी काहीतरी हिशेब मांडला असता. पण ही बापाची भीती होती, आणि ती खोटी म्हणण्याची माझी हिंमत झाली नाही. ज्यांच्या घरचे पोर शहरात गेले ते सगळे ही भीती ओळखतात.

मग मी त्यांना माझीच एक फजिती सांगितली. ती तुम्हांलाही सांगतो.

मी कृषी महाविद्यालयात शिकत असताना आमची सहल कटकला गेली होती. तेथे धान संशोधनाची देशातील मोठी संस्था आहे. १९४३ सालच्या बंगालच्या दुष्काळात लाखो माणसे अन्नावाचून मेली, आणि त्यानंतर १९४६ साली ती स्थापन झाली. धानाच्या मुलखातल्या पोराला ती काशीच म्हणायची. आम्ही हावड्याच्या गाडीने निघालो. गोंदिया गेले, सालेकसा गेले, दरेकसाचा जंगलपट्टा गेला, छत्तीसगडच्या बांध्या गेल्या. आम्ही मात्र वरच्या बाकावर पत्ते कुटत होतो. कटकला शास्त्रज्ञ शेतात उभे राहून समजावत होते आणि मी मागे उभा राहून फोटो काढून घेण्याच्या खटपटीत होतो. सहलीची वही मित्राची पाहून उतरवली. गुणही चांगले मिळाले.

पुढे नोकरीला लागलो. पहिल्याच वर्षी एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने मला विचारले, "साहेब, तुम्ही कटकले जाऊन आले म्हणता. तिथले लोक धानाले पाणी कसे देतात?" मला उत्तर देता आले नाही. तो बिचारा काही बोलला नाही, पण त्याची ती नजर मला आजही आठवते. हजार-बाराशे किलोमीटर जाऊन मी रिकामा परत आलो होतो.

भाऊ हसले. म्हणाले, "म्हणजे फिरणे वायाच गेले ना?" मी म्हटले, "वाया गेले, कारण मी पाहिले नाही आणि विचारले नाही. पोरीला पाठवा. पण एक वही देऊन पाठवा. रोज जे पाहिले, ज्याला विचारले, आणि आपल्या गावी ते कसे आहे, हे तिने लिहावे. परत आल्यावर ती वही तुम्हांला वाचून दाखवावी."

मुलीने उन्हाळभर पहाटे उठून आईबरोबर तेंदूपत्ता तोडला होता. फळीचे पैसे यायचे होते. तिच्या वाटचे तेवढे भाऊंनी आधी हातावर ठेवले. रोहिणी लागायच्या आत पोरी निघाल्या. परतल्यावर ती वही मीही वाचली. त्यातले थोडे सांगतो.

पहिला दिवस नवेगावबांधचा. तो तलाव आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला आहे, पण पिकनिकच्या डोळ्यांनी. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला. यंत्र नाही, सिमेंट नाही. डोंगरांच्या रांगा कोठे जवळ येतात हे हेरून मधल्या फटी मातीच्या पाळीने बुजवल्या, की डोंगरच तलावाच्या भिंती होतात. मुलीने वहीत लिहिले आहे : "पाळ लहान, तलाव मोठा. जागा निवडण्यात सगळी अक्कल." कोहळी समाजाने आपल्या भागात असे कितीतरी तलाव आणि बोड्या उभ्या केल्या. मालगुजारी गेली तसे ते तलाव सरकारकडे आले आणि 'मामा तलाव', म्हणजे माजी मालगुजारी तलाव, झाले. तेव्हापासून गाळ काढणे, पाळ राखणे हे कोणाचे काम, यावर गावोगाव नुसत्या सभा होतात.

पाळीवर एक वयस्क ढीवर जाळे दुरुस्त करीत बसले होते. पोरींनी त्यांना मासळीचे विचारले, तुडुमाचे विचारले. त्यांनी सगळे सांगितले आणि उलट विचारले, "बाई, तुमच्या गावच्या बोडीत पाणी कुठून येते?" मुलीने लिहिले आहे : "मला सांगता आले नाही. पावसाचे येते, एवढेच म्हटले. ते हसले." ही ओळ वाचून मला माझे कटक आठवले.

याच नवेगावला वनाधिकारी म्हणून आलेल्या मारुती चितमपल्लींचे नाव वाचकांना ठाऊक असेल. सोलापूरकडचा हा माणूस. येथल्या जंगलात आणि तलावावर हिंडताना गावकऱ्यांना पक्ष्यांची, झाडांची नावे विचारीत राहिला आणि ते सारे लिहून ठेवीत गेला. पुढे त्यांनी पक्षिकोश केला. २०२५ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. आपल्या भागातली जी माहिती आपण रोज बोलण्यात उधळतो, ती बाहेरून आलेल्या माणसाने मोलाची मानली, एवढेच येथे सांगायचे आहे.

दुसऱ्या दिवशी पोरी गोठणगावला गेल्या. तेथे गाढवी नदीवर इटियाडोह धरण आहे, १९७० साली पूर्ण झालेले. त्याचे पाणी गोंदियासह भंडारा आणि गडचिरोली अशा तीन जिल्ह्यांतल्या धानाला मिळते. पुढे प्रतापगडाकडे नॉरग्येलिंग ही तिबेटी लोकांची वसाहत लागते. ती १९७२ साली वसली. हिमालयापलीकडून देश सोडून आलेली ही माणसे. आपल्या या उष्ण मुलखात त्यांनी जमीन कसली, धान करायला शिकली, आणि हिवाळा आला की स्वेटर विकायला शहरोशहरी जातात. एका आजीने पोरींना चहा पाजला. मुलीने लिहिले आहे : "आजी मराठी बोलतात. त्यांना विचारले, घर आठवते का. म्हणाल्या, आठवते, पण रोवणी आली की सगळे विसरते." परका मुलूख आपला कसा होतो, हे मी एवढ्या थोड्या शब्दांत कोठे वाचले नव्हते.

तिसऱ्या दिवशी अर्जुनीहून बल्लारशाकडची गाडी धरून पोरी नागभीडला उतरल्या आणि त्या तालुक्यातल्या नांदेड गावी गेल्या. हे मराठवाड्यातले नांदेड नव्हे, चंद्रपूर जिल्ह्यातले लहानसे गाव. दादाजी खोब्रागडे यांचे. तुमच्यापैकी अनेकांच्या घरात एचएमटी तांदूळ शिजतो. तो या माणसाने दिला. शिक्षण तिसरीपर्यंत, जमीन थोडकी. १९८३ साली पटेल-३ धानाच्या बांधीत त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्या त्यांनी राखून ठेवल्या, निराळ्या पेरल्या, साल दर साल निवड करीत गेले. दाणा बारीक, भात चवदार, उतारा चांगला. त्या काळी एचएमटी घड्याळाचे कौतुक होते, तेच नाव या धानाला पडले आणि वाण कितीतरी राज्यांत गेला. त्या मानाने दादाजींच्या पदरात पैसा पडला नाही. मानसन्मान मिळाले, २०१८ साली जूनमध्ये ते वारले. मुलीने लिहिले आहे : "मी वनस्पतिशास्त्र शिकते. आमच्या बांधीत मी वेगळी लोंबी कधी शोधली नाही." चौथ्या दिवशी पोरी परत फिरल्या.

घरी आल्यावर ठरल्याप्रमाणे वहीचे वाचन झाले. भाऊ ऐकत होते. बोडीचा प्रश्न आला तसे ते एकदम म्हणाले, "पाणी कुठून येते म्हणजे? चाल, दाखवतो." दुसऱ्या दिवशी पहाटे बापलेक बोडीच्या वरच्या अंगाला चालत गेले. भाऊंना लहानपणीचा पाट आठवत होता. जंगलाकडच्या उतारावरून पाणी त्या पाटाने बोडीत येई. पाटाच्या जागी आता पांदण रस्त्याच्या वेळी टाकलेला मुरूम होता आणि त्यावर बेशरमाची झुडपे माजली होती. पाणी दुसरीकडूनच ओढ्याला निघून जात होते. बोडी मार्चातच का आटते, याचे कारण सगळे गाव गाळात शोधत होते. गाळ आहेच, पण येणारे पाणीच अडले आहे, हे कोणी चालत जाऊन पाहिले नव्हते. मीही नाही. त्या गावी मी किती वर्षे जातो आहे!

मागच्या आठवड्यात भाऊंनी सहा-सात घरच्या माणसांना घेऊन कुदळ-फावड्याने तो पाट मोकळा केला. गाळ काढण्याचा अर्ज ग्रामपंचायतीकडे दिला आहे. बोडी किती भरते ते पाऊसच सांगेल. आताच फुशारकी मारण्यात अर्थ नाही.

ज्यांना पोरांना पाठवायचे असेल त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगतो.

एक, कापणी आणि फळी आटोपल्यावरचे दिवस धरा. रोहिणीच्या कडक उन्हात हिंडणे टाळा. पहाटे निघावे, दुपारी बारा ते चार सावलीत बसावे, डोक्याला दुपट्टा, जवळ पाणी आणि थोडे मीठ-साखर ठेवावे.

दोन, एकट्याने जाऊ नये. मोहाच्या आणि तेंदूच्या दिवसांत जंगलात अस्वलाची गाठ पडते, वाघाचाही वावर आहे. वनविभागाची परवानगी नसेल तेथे शिरू नये. धरणाच्या पाण्यात उतरू नये.

तीन, खर्चाचा बाऊ नको. २०२३ सालापासून एस.टी.त महिलांना अर्धे तिकीट आहे. मुक्काम नातेवाइकांकडे करावा, भाकरी बांधून घ्यावी. खर्चाचा हिशेब त्याच वहीत लिहावा.

चार, वही परत आल्यावर घरात वाचली गेलीच पाहिजे. आईने ऐकावी, आजोबांनी ऐकावी. पोराने जे पाहिले त्यातले अर्धे त्यांना आधीच ठाऊक असते, फक्त त्यांना कोणी विचारलेले नसते. आणि मुलगा-मुलगी असा भेद करू नका. घरची बोडी शोधायला मुलीची वहीच कामी आली.

भाऊंची भीती गेली का? परवा मी त्यांना तसे विचारले. म्हणाले, "पोरगी शिकून कुठं जाईल ते तिले ठाऊक. पण आता तिले आपली बोडी ठाऊक आहे." एवढे बोलून ते पऱ्ह्यांची जागा नांगरायला गेले. मोठ्या मुलालाही त्यांनी फोन केला आहे म्हणे. या रोवणीला ये आणि पाट पाहून जा, असा निरोप आहे. तो येतो की नाही ते पाहू.

पुढील अंकी बियाण्याला मिठाच्या पाण्याची प्रक्रिया कशी करावी ते पाहू. तोवर बियाण्याची पोती ओलीपासून जपा.