कुटुंबाचा वैद्य कोण?

आजीच्या मधुमेहासाठी एक तज्ज्ञ, सुनेच्या बाळंतपणासाठी दुसरा आणि नातवाच्या दम्यासाठी तिसरा, अशी वाटणी मध्यमवर्गीय घरांत आता रूढ झाली आहे. प्रत्येक जण आपल्या विषयात निष्णात असतो. परंतु या तिघा रुग्णांना जोडणारे स्वयंपाकघर, ओल आलेली भिंत आणि महिनाअखेरची ओढाताण यांची नोंद कोणाच्याच केसपेपरवर नसते. जुना फॅमिली डॉक्टर ती मनात ठेवीत असे. तो मागे पडला आणि त्याची जागा रिकामीच राहिली.

रक्तक्षयाचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. लोहाच्या गोळ्या वाटण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७० साली सुरू झाला. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आढळल्या. गोळी निरुपयोगी आहे असे नव्हे. पण जी स्त्री सर्वांची पाने उठल्यावर उरलेले जेवते, जेवणालगत चहा घेते, अनवाणी शेतात राबताना जंतांचा संसर्ग ओढवून घेते आणि जिची बाळंतपणे लागोपाठ होतात, तिच्या अंगी गोळीतले लोह लागावे तरी कसे? तिच्या सासूशी आणि नवऱ्याशी बोलल्यावाचून हा उपचार पुरा होत नाही.

जामखेडच्या दुष्काळी मुलखात डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून नेमके हेच केले. गावोगावच्या स्त्रिया, त्यांतील कित्येक निरक्षर आणि दलित, त्यांनी आरोग्यसेविका म्हणून घडविल्या. त्या बाळंतिणीची काळजी घेत, मुलांची वजने करीत आणि पाणी, पोषण व जातिभेद यांविषयीही गावाशी बोलत. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच स्त्रियांकरवी नवजात बालकांची घरोघर शुश्रूषा सुरू केली. तेथील नवजात बालकांचे मृत्यू निम्म्याहून अधिक घटल्याचे १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले.

२००५ साली आलेली ‘आशा’ योजना या परंपरेतलीच. मात्र तिच्या मोबदल्याची केंद्रीय पद्धत मुळातच कामागणिक आखली गेली: प्रसूती रुग्णालयात नेली की इतके, लसीकरण पुरे झाले की इतके. ज्या कामाचा दर ठरलेला नाही, उदाहरणार्थ सासूची समजूत घालणे, ते हिशेबात येतच नाही. तुकड्यांत विभागलेले वैद्यक अशा रीतीने पुन्हा उंबरठ्यावर येऊन उभे राहते.

‘समग्र’ हा शब्दही अलीकडे फार स्वस्त झाला आहे. गोळीच्या जोडीला काढा व योगासने दिली की उपचार समग्र झाला, असे मानणारे उदंड. ते केवळ पद्धतींचे मिश्रण होय.

शिधापत्रिका कुटुंबाची असते. २०२१ पासून देशभर दिला जाणारा डिजिटल आरोग्य क्रमांक मात्र एकेका व्यक्तीचा. त्याच्या जोडीला प्रत्येक घराची एक आरोग्यवही उपकेंद्रात ठेवता येईल. ती भरणाऱ्या आशा सेविकेला मात्र कामागणिक पैसे न देता नियमित वेतन आणि कर्मचाऱ्याचा दर्जा दिला पाहिजे. तिचा पुरेसा वेळ एकेका घरासाठी मिळावयाचा, तर त्याला दुसरा मार्ग दिसत नाही.